त्यांची जमा, माझा खर्च

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझे यजमान वाहतूक हवालदार होते आणि मी तालुक्याच्या दवाखान्यात नर्स. दोघांचं पोट एकाच रस्त्यावर, ब्रह्मपुरीहून सिंदेवाहीकडे जाणाऱ्या. त्या रस्त्यावर काळीपिवळी जीपा चालत. आत माणसं कोंबलेली, काही मागे लोंबकळणारी, काही टपावर पोत्यांसोबत. यजमान वळणाआड उभे राहून जीप अडवत आणि दंडाची पावती फाडत. जी त्यांच्या हातून सुटायची आणि पुढच्या वळणावर उलटायची, तिच्यातली माणसं माझ्याकडे येत.

एका वर्षी सगळ्यांत जास्त दंड गोळा केला म्हणून त्यांना साहेबांच्या हातून प्रशस्तिपत्र मिळालं. सासूबाईंनी ते बैठकीत टांगलं. येईल त्या बाईला त्या सांगत, "माह्या पोरानं सरकारची तिजोरी भरली." त्याच आठवड्यात आमच्या डॉक्टरांना वरून विचारणा झाली होती, की प्लास्टर, सलाईन, टाक्यांचा दोरा इतका कसा लागतो. डॉक्टर तो राग आम्हा नर्सांवर काढून गेले. मी मोरीत रक्ताचे डाग पडलेली पांढरी साडी घासत होते आणि बैठकीत शेजारणी प्रशस्तिपत्र वाचत होत्या. माझा नुसता जळफळाट झाला.

संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "त्या दंडातलं थोडं आमच्या दवाखान्याले काऊन भेटत नाई?"

ते शांतपणे म्हणाले की दंड सरळ सरकारजमा होतो, पुढे कुठं जातो ते त्यांच्या हातात नाही. त्यांच्या शांतपणाचाच मला जास्त राग आला.

पुढे त्यांनी वळणाआड उभं राहणं सोडलं. जिथं जीप भरते तिथंच, बसस्टँडसमोर, ते उभे राहू लागले. जादा माणसं उतरल्याशिवाय गाडी हलू देत नसत. बाजाराला जाणाऱ्या बाया त्यांना शिव्या घालत. ड्रायव्हर हुज्जत घालून थकले आणि हळूहळू मोजूनच माणसं घेऊ लागले. मग बाजाराच्या दिवशीही आमची प्लास्टरची खोली रिकामी राहू लागली. हे सगळ्यांत आधी मला कळलं, पण घरी मी बोलले नाही. आणखी एक कौतुक त्यांच्याकडे कशाला पोचवायचं, असं वाटायचं.

मग त्यांना साहेबांनी बोलावलं. दंडाची रक्कम एवढी खाली कशी आली, काम करता की झोपा काढता, असं विचारलं. घरी येऊन हे सांगत ते जेवायला बसले. मला आतून बरं वाटलं. मी त्यांना भाजी जरा जास्तच वाढली.

ते म्हणाले, "लोकं ऐकून राह्यले, तं पावती कोनाची फाडू?"

तेव्हा मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. प्लास्टरच्या खोलीचं मी सांगून टाकलं. त्यांचा हात ताटातच थांबला. कधीपासून, टपावरून पडलेलं कोणीच नाही का, लहान लेकरंही नाहीत का, असं ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. प्रशस्तिपत्र घेताना त्यांचा चेहरा असा फुलला नव्हता. मला त्याचाही हेवा वाटला. मी इतक्या जणांची डोकी बांधली होती, पण असा आनंद माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. वर त्या वर्षी वापर कमी झाला म्हणून दवाखान्याचं सामानही कमी करून मिळालं.

पुढच्या बदल्यांत त्यांना चिमूरकडे पाठवलं. निघायच्या दिवशी, ज्यांच्या पावत्या त्यांनी फाडल्या होत्या तेच ड्रायव्हर सामान उचलायला आले. एकानं आपली जीप आणली आणि भाडं घ्यायला नाही म्हणाला. माझ्या हातून बरा होऊन गेलेला एकही माणूस कधी मला भेटायला परत आला नव्हता. हे माझ्या मनात चाललं असतानाच यजमानांनी जीपमधली माणसं मोजली.

"एक जन जास्त होऊन राह्यला," ते मला म्हणाले. "तू एसटीनं ये."

ड्रायव्हर दुसरीकडे बघून हसला. मी पिशवी उचलून स्टँडवर गेले. पुढे रस्त्यात आमच्या एसटीनं त्यांची जीप मागं टाकली. सासूबाई पुढच्या सीटवर बसून त्यांना संत्रं सोलून देत होत्या. मी खिडकीची काच ओढून घेतली.