भोपळ्याला पहिला चाकू

पलासियातल्या आमच्या प्री-स्कूलला यंदा हॅलोविनचं खूळ लागलं. मी म्हटलं, पोरांना अजून नाक पुसता येत नाही आणि भुतं कसली नाचवता! पण आईबापांना फोटो हवे होते. सकाळी काळ्या झग्यातल्या चिमुकल्या चेटकिणी रडत रडत वर्गात शिरल्या आणि टेबलावर एक मोठा लाल भोपळा येऊन बसला. त्याला डोळे, नाक, तोंड कोरायचं होतं.

कोरणार कोण? शाळेत आम्ही सगळ्या बायकाच. इकडे हिंदी मुलखात अख्ख्या भोपळ्याला बाई पहिला चाकू लावत नाही. भोपळ्याला घरचा थोरला मुलगा मानतात. फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या टीचरही हात मागे घेऊन उभ्या राहिल्या. शेवटी शाळेची व्हॅन चालवणाऱ्या भाऊंना, इकडच्या भाषेत भियांना, हाक मारली. त्यांनी चाकू खुपसला, "लो मॅडम" म्हणाले आणि निघून गेले.

चाकू तसाच भोपळ्यात उभा होता.

आमचे हे अगदी असंच करायचे. हातातला पेपर न सोडता स्वयंपाकघरात यायचे, एक घाव घालायचे आणि "झालं माझं काम, आता गुळाचे घारगे कर" म्हणून परत खुर्चीत. ते गेल्यापासून मी भोपळ्याची कापलेली फोडच आणते.

त्या संध्याकाळी भाजीवाल्याने सवयीने सुरा उचलला. मी म्हटलं, "काटो मत भिया, पूरा दे दो."

घरी येऊन अख्खा भोपळा ओट्यावर ठेवला, ह्यांच्यासाठी ठेवायचे तसा शेजारी चाकू ठेवला, आणि गूळ किसायला घेतला.