किल्ली बाबांकडे आहे

पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाने ट्रायथलॉन करू नये, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. आपल्या शास्त्रांत ही एक मोठी उणीव राहून गेली आहे.

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग तसंच ओल्या अंगाने सायकल हाणायची आणि मग सायकल टाकून पळायचं. सगळं एकाच सकाळी, एका दमात. (दम कुणाचा, हे त्यांनी सांगितलेलं नाही.) हिंजवडीच्या आमच्या ऑफिसातली पोरं कँटीनमध्ये नावं देत होती. "सर, तुम्ही पण?" असं एकीने विचारलं, तेव्हा माझ्या तोंडात अख्खा साबुदाणा वडा होता. 'नाही' म्हणायची सोय नव्हती. मी नुसती मान हलवली. ती आडवी हलवायची, उभी हलली!

घरी सांगितलं तेव्हा बायको, म्हणजे रश्मी, एवढंच म्हणाली, "विमा भरलाय ना?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. "पोहणं, सायकल, पळणं. तिन्ही वेगवेगळ्या दिवशी करता येत नाही का?"

"नाही बाबा, सलग करायचं असतं."

"का? पाठीमागे कोण लागलंय?"

बाबा खडकीच्या एका कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले. वय चौऱ्याहत्तर, पाठ ताठ आणि कुलपांवर अपार श्रद्धा. आमच्या घरी साखरेच्या डब्याला कुलूप नाही, ते केवळ डब्याला कडी नाही म्हणून! त्यात तरुणपणी त्यांची सायकल पोस्टाबाहेरून चोरीला गेली होती. 'दोन मिनिटांत येतो' म्हणून आत गेले आणि चालत घरी आले. त्या दुःखातून ते अजून सावरलेले नाहीत.

माझी नवी सायकल आली तेव्हा त्यांनी ती एका हाताने उचलून पाहिली. "पूर्ण आहे का, की अजून भाग यायचेत?"

"पूर्ण आहे, बाबा."

"स्टँड नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही. कुलूप?"

"कुलूप नसतं याला."

बाबांनी चाकाच्या तारांमधून हात घालून पाहिला. त्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

पण शर्यतीच्या आदल्या दिवशी ते अचानक म्हणाले, "मी येऊ का उद्या?" मी थक्क झालो. शाळेत असताना मी पळण्याच्या शर्यतीत असायचो (होय, असायचो! पुरावा मागू नये), पण बाबांच्या शिफ्ट अशा की त्यांनी मला पळताना कधी पाहिलंच नाही. आता त्यांनी आपण होऊन विचारलं. रात्रभर माझी छाती फुगलेली होती. निदान बाबांसमोर तरी शर्यत पुरी करायचीच, असं मी ठरवून टाकलं.

हिंजवडीच्या पुढे, मुळशीच्या वाटेवर एका रिसॉर्टमध्ये स्पर्धा होती. तिथल्या तलावात पोहायचं, मग सायकलीने एका वळणापर्यंत जाऊन त्याच रस्त्याने परत यायचं, मग शेतांमधून पळायचं. सायकली एका लोखंडी कठड्याला टेकवून रांगेत ठेवल्या होत्या. मी माझी ठेवली, शेजारी हेल्मेट आणि बूट मांडले, बाबांच्या पाया पडलो आणि अंगाला घट्ट बसणाऱ्या त्या काळ्या पोशाखात पाण्याकडे निघालो. मागून रश्मी म्हणाली, "पोट आत घे." मी म्हटलं, "आतच आहे."

पोहण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मी पोहलो म्हणण्यापेक्षा, इतरांच्या लाथांनी मला पलीकडे नेलं. तरीही मी शेवटचा नव्हतो! माझ्यामागे एक गृहस्थ होते. (नंतर कळलं, ते बुडणाऱ्यांना वाचवायला ठेवलेले होते.)

आनंदाने धावत, पाणी निथळत मी सायकलीपाशी आलो, हेल्मेट चढवलं, सायकल ओढली आणि कठडाच हलला. सायकल आली नाही. वाकून बघतो तर सायकलीच्या चाकातून, दांड्यातून आणि कठड्यातून एक साखळी गेलेली! म्हैस बांधावी तशी. आणि साखळीला आमच्या घराच्या कोठीचं, पितळी, मुठीएवढं कुलूप!

कठड्यापलीकडे रश्मी उभी होती.

"हे कुणी लावलं?"

"बाबांनी. तू पाण्यात होतास ना."

"किल्ली?"

"बाबांकडे आहे."

"बाबा कुठायत?"

"स्कूटर घेऊन पुढे गेले. वळणावर उभा राहतो म्हणाले."

"फोन लाव!"

रश्मीने फोन लावला. तिच्याच पर्समध्ये वाजला. "पडेल म्हणून माझ्याकडे ठेवायला दिलाय," ती म्हणाली.

तिथे व्यवस्था बघणारी एक मुलगी होती. तिच्याकडे वळलो. "अहो, आत कसं सोडलंत त्यांना?"

"सर, मी म्हटलं त्यांना, अलाउड नाहीये. ते म्हणाले, चोरालाही हेच सांगता का?" ती रडकुंडीला आली होती. "सॉरी सर, पण रूल्समध्ये कुलपाबद्दल काहीच नाहीये."

"दुसऱ्याची सायकल चालेल?"

तिने विचार केला. "दोन चाकं असतील तर चालेल."

माझ्या शेजारच्या सायकली एकेक करून निघून गेल्या होत्या. मी रिसॉर्टच्या फाटकाबाहेर धावलो. समोरच्या घरासमोर एक बाई भाजी निवडत गंमत बघत होत्या. सुरेखाताई म्हणून. त्यांच्या ओट्याला टेकवलेली गुलाबी सायकल होती. पुढे टोपली, टोपलीत मेथीची जुडी.

"ताई, सायकल देता का? माझ्या सायकलीला कुलूप आहे आणि किल्ली वळणावर आहे."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि घाईने नजर मेथीकडे वळवली. "न्या की. पर भाऊ, आदी अंगावर कायतरी घाला."

"हाच ड्रेस असतो, ताई!"

"असंल बाई," त्या म्हणाल्या. "वळणाकडंच चाललाय न्हवं? मंग येताना तिथल्या डेरीतनं दुधाची पिशवी आना. सुरेखाचं नाव सांगा, देत्यात."

अशा रीतीने, महिनोन् महिने घाम गाळून तयार झालेला मी, गुलाबी सायकलीवरून, मेथीसह, दूध आणायला निघालो.

सायकल चालत होती, पण दर फेऱ्याला कुईं करत होती. समोरून सगळे परत येत होते, वाऱ्यासारखे. ऑफिसातल्या पोरांपैकी एकाने मला ओळखलं आणि तो हसताना पडता पडता वाचला. मी घंटी वाजवून त्याला वाट करून दिली. (घंटीची सोय मात्र फार चांगली होती.)

शेवटी वळण दिसलं. स्कूटर स्टँडवर होती आणि बाबा रस्त्याच्या कडेला दगडावर चढून, कपाळावर हाताचा आडोसा धरून माझी वाट बघत होते. मी जवळ आलो तसे ते जोरजोरात हात हलवायला लागले. माझा ऊर भरून आला.

"ओ! ओ गुलाबी सायकल! शर्यत चालू आहे, कळत नाही का? बाजूने घ्या!"

"बाबा, मी आहे!"

"कोण मी?"

मी हेल्मेट काढलं. बाबा दगडावरून उतरले, माझ्याकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं, मेथीकडे पाहिलं.

"तुझी कुठाय?"

"तुम्ही कुलूप लावलंत!"

"मग? उघडी ठेवायची?"

"बाबा, मी तीच घेऊन येणार होतो!"

हा मुद्दा बाबांच्या डोक्यात हळूहळू उतरताना मला दिसला. त्यांनी खिशात हात घातला, किल्ली काढली, माझ्या हातात ठेवली. चेहरा पडला होता.

"पण इथे येऊन कशाला उभे राहिलात?" मी जरा चिडूनच विचारलं.

"इथून तू दोनदा दिसणार होतास," बाबा म्हणाले. "जाताना आणि येताना."

मी किल्ली टोपलीत मेथीखाली ठेवली. मी म्हटलं, "डेरी कुठाय?"

दूध घेऊन निघालो तर बाबा स्कूटर घेऊन शेजारी. "बस मागे. सायकल पायाशी घेऊ."

"चालत नाही तसं, बाबा!"

"कोण बघतंय?"

"मी एकटाच उरलोय! सगळे मलाच बघतायत!"

किल्ली मिळाली तोवर सायकलीची निम्मी शर्यत संपली होती आणि कुलपापर्यंत पोचेतो उरलेली. दूध आणि सायकल सुरेखाताईंच्या हवाली केली. "लवकर आला की!" त्या म्हणाल्या. माझ्या वेगाबद्दल त्या दिवशी निघालेला हा एकमेव चांगला उद्गार.

मग पळणं. पहिला टप्पा मी खरंच पळालो. दुसऱ्या टप्प्यात पोटऱ्यांनी संप पुकारला. आयोजक रस्त्यावरचे खुणेचे शंकू उचलत माझ्यामागून येत होते आणि मधून मधून माझ्यासाठी थांबत होते. शेवटच्या वाटेवर बाबा उभे होते, स्कूटर नव्हती. ते माझ्याबरोबर चालायला लागले. मी पळत होतो, ते चालत होते आणि आमचा वेग एकच होता.

"दुखतंय का?"

"हो."

"थांबायचं का?"

"नाही."

"मग बोलू नकोस. श्वास वाया जातो." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "शाळेतही असाच पळायचास का?"

"यापेक्षा बरा."

"मग बघायला हवं होतं," बाबा म्हणाले.

शेवटची रेषा आम्ही जोडीने ओलांडली. माझ्या पोटरीत तिथेच गोळा आला आणि मी कळवळत खाली बसलो. तेवढ्यात माइकवरच्या बाईंचा आवाज चिरकला, "आणि हे आपले आजचे सर्वांत ज्येष्ठ स्पर्धक! जोरदार टाळ्या!" बघता बघता त्यांनी बाबांच्या गळ्यात पदक घातलं. उरलेली सगळी मंडळी टाळ्या पिटायला लागली. बाबा गोंधळून पदक काढायला गेले. माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी खाली बसल्या बसल्याच हात हलवला, "राहू द्या, बाबा." रश्मीने फोटो काढला. पुढे पदक घातलेले बाबा, ताठ. मागे जमिनीवर पोटरी धरून मी.

तो फोटो तिने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी मी जिना उलटा, कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत होतो. (सरळ उतरता येत नव्हतं.) खालच्या मजल्यावरच्या गोडबोलेकाकू दारात उभ्या होत्या. मला पाहून त्या अतिशय मायेने म्हणाल्या, "बाबांना सोबत म्हणून गेलात, फार चांगलं केलंत हो. पण तुम्हाला एवढं ऊन सोसत नाही, तर सावलीत बसून बघायचं ना!"