शेवटच्या पाटीपर्यंत

परदेशी लोकांनी आपल्याकडून काय काय घेतलं, ही चर्चा घरात सुरू झाली की मी उठून चहा ठेवायला जाते. योग झाला, हळद झाली, मग शिक्षणावर गाडी येते. आपली मुलं गणितात कशी पुढे, तिकडचे लोक आता कसे आपल्याकडून शिकतात, वगैरे. मला ते ऐकवत नाही. त्यांनी एक गोष्ट खरोखरच आपल्याकडून नेली आणि ती माझ्याच वर्गातून गेली, हे मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही.

माझ्या वर्गात एक नियम होता. शेवटच्या मुलाला गणित येईपर्यंत वर्गाने पुढे जायचं नाही. ज्यांना आलं त्यांनी उठायचं, ज्यांना आलं नाही त्यांच्याजवळ टाटपट्टीवर जाऊन बसायचं आणि समजावून सांगायचं. शेवटच्या पाटीवर बरोबर उत्तर दिसलं की मी पान उलटायची. तोवर काय वाटेल ते होवो, पान उलटणार नाही.

हे काही मी ट्रेनिंगमध्ये शिकले नव्हते. आमची प्राथमिक शाळा नागपुरातल्या विणकरांच्या वस्तीत होती. नोकरीला लागले त्या वर्षी एका मुलाच्या वडिलांना मी बोलावून घेतलं आणि तुमचा मुलगा मागे पडतो म्हणून सुनावलं. ते हातमागावरून उठून आले होते. म्हणाले, "बाई, तार तुटली का आम्ही माग थांबवतो. तसंच विणत गेलो तं तेवढा कपडा खराबच निंगते." एवढं बोलून ते कामाला निघून गेले आणि मी दिवसभर तेच घोकत राहिले.

हुशार मुलांचे आईबाप भांडायला येत. "आमच्या पोराले काहून अडकवून ठेवता, बाई?" मी त्यांना सांगायची की समजावून सांगणाऱ्याचं दोनदा शिकून होतं. ते खरंही होतं. पण पोर्शन मागे राहायचा, तेही खरं होतं. आणीबाणी उठली त्यानंतरच्या वर्षी इन्स्पेक्टरांनी वहीत लाल शाईने शेराच मारला. पुढच्या तपासणीतही असंच आढळलं तर चौथीचा वर्ग माझ्याकडून काढून घ्यावा.

त्या वर्षी चौथीत आम्ही जिच्यासाठी थांबायचो ती एक मुलगी होती. गणित करताना जीभ दातांत धरायची. भागाकारात अडली होती. आठशे सोळाला आठने भागायला दिलं की उत्तर बारा. मधलं शून्य काही केल्या तिच्या पाटीवर यायचं नाही. वर्ग पाच दिवस तिथेच थांबला होता. मुलं आळीपाळीने तिच्याजवळ बसत, कोणी गोट्या मांडून दाखवी, कोणी चिंचोके. ती सगळ्यांचं मन लावून ऐके आणि पुन्हा बारा लिही. तिच्या आईने मला बजावून ठेवलं होतं, "चौथी पास झाली तं पुढं पाठवीन, बाई. नाही तं घरी कांड्या भरन." कांड्या म्हणजे मागाच्या धोट्यात बसवायच्या सुताच्या नळ्या. तिची थोरली बहीण आधीच त्या कामाला बसली होती.

अशात ती पाहुणी आली. इंग्लंडातली शिक्षिका, आपल्याकडच्या शाळा बघत फिरत होती. माझ्या वर्गाबद्दल तिने कुठून ऐकलं कोण जाणे, तो थांबणारा वर्ग मला बघायचाय, असा तिचा निरोप आला. हेडमास्तरांची धावपळ उडाली. भिंतींना चुना लागला, त्यांच्या घरची गादीची खुर्ची आली. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बाई, त्या पोरीले उद्या घरीच राहू द्या. पाहुणी इतक्या लांबून येऊन राहिली, अन् तिच्यासमोर बाराच्या बारा?"

तपासणीच्या दिवशी कच्च्या मुलांना घरी ठेवायची रीत होती. सगळ्याच शाळा करत. मी कधी केलं नव्हतं आणि त्याचा मला गर्व होता. पण माझ्या डोक्यात लाल शाई होती. पाहुणीने दोन चांगले शब्द लिहून दिले तर इन्स्पेक्टरांचं तोंड बंद होईल, वर्ग माझ्याकडे राहील, पुढे कितीतरी मुलांसाठी थांबता येईल. असा सगळा हिशोब मी त्या पाच मिनिटांत जुळवला. हेडमास्तरांवर ढकलून मोकळी होऊ शकते मी, पण त्या मुलीला सांगितलं मीच.

"उद्या येऊ नको वं. परवा ये."

"काहून, बाई?"

"दोन दिवसांपासून खोकला आहे ना तुले. आराम कर."

तिला खोकला नव्हता. तिने मान हलवली आणि पाटी पिशवीत टाकली.

पाहुणी खुर्चीवर बसलीच नाही. सरळ मुलांमध्ये टाटपट्टीवर मांडी घालून बसली, म्हणजे घालायचा प्रयत्न केला आणि मुलं खुदकन हसली. मी भागाकार दिला. पाट्या पटापट वर आल्या, सगळ्यांचं बरोबर. तिने टाळ्या वाजवल्या. मग हेडमास्तरांकडे वळून काहीतरी विचारलं. ते माझ्याकडे बघत घाम पुसत म्हणाले, "विचारून राहिली, तुम्ही थांबता कोणासाठी? तेच बघायला आली म्हणते."

तिच्याकडे, ती म्हणाली, एकाच वर्गात टेबलं वेगळी असतात. हुशारांचं वेगळं, मागे पडणाऱ्यांचं वेगळं. टेबलांना पक्ष्यांची गोड नावं देतात, पण ढ मुलांचं टेबल कोणतं ते पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळतं आणि तिथे बसलेलं मूल सहसा तिथून उठत नाही. म्हणून तिला शेवटचं मूल बघायचं होतं.

आणि मी बोट दाखवलं ते वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीकडे.

पोस्टमनची मुलगी होती ती, चलाख. माझ्या डोळ्यांतलं तिला क्षणात कळलं. तिने नवं गणित घेतलं, मधलं शून्य गाळलं आणि पाटी वर केली. चार मुलं नेहमीप्रमाणे उठून तिच्याभोवती बसली. तिने डोकं खाजवलं. मग जीभ दातांत धरली, हुबेहूब त्या घरी ठेवलेल्या मुलीसारखी. आख्खा वर्ग हसला. कशाला हसतात ते न कळता पाहुणीही कौतुकाने हसली. हेडमास्तर हसले. आणि मीसुद्धा हसले. सुटल्यासारखं झालं होतं मला.

शेवटी पोरीने बरोबर उत्तर लिहिलं तेव्हा पाहुणीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने तिला जवळ घेतलं. जाताना शाळेच्या वहीत पानभर लिहून गेली.

दुसऱ्या दिवशी ती भागाकारात अडलेली मुलगी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी वर्गाला तिच्याबद्दल विचारलं तर सगळे पाट्यांकडे बघायला लागले. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले.

बहिणीशेजारी ती चरख्यावर कांडी भरत होती. आईने मला पाट दिला, पाणी दिलं. म्हणाली, "मी नाही बसवली, बाई. तिच्याच मनानं बसली."

मी म्हटलं, "चल वं. वर्ग थांबलाय तुझ्यासाठी."

तिने चरखा थांबवला नाही. खाली बघूनच विचारलं, "बाई, तिनं माहं सोंग घेतलं तं सगळे हासले का?"

तिला कोणीतरी सगळं सांगितलं होतं. लपून कसं राहणार, वस्ती केवढीशी. नाही म्हणावं असं मनात आलं. पण चार दिवसांपूर्वीच तिला खोकल्याची थाप मारलेली, दुसरी तोंडातून निघेना.

"हो," मी म्हटलं.

"तुमी बी?"

मी पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला. तेवढ्यात सूत तुटलं आणि तिचं चाक थांबलं. मग तुटलेलं सूत जोडून तिने पुन्हा चाक फिरवलं आणि म्हणाली, "आता पुढं जा तुमी, बाई. माह्यापायी नोका थांबू." रागाने नाही म्हणाली. माझी अडचण दूर करत होती ती. मला इतकी शरम आयुष्यात वाटली नाही. आणखी दोनदा गेले. दुसऱ्या वेळी कळलं की तिला खाप्याला मामाकडे पाठवलंय, तिथे कामाला हात हवे होते. दुसऱ्या दिवशी वर्गात पान उलटावंच लागलं.

इन्स्पेक्टरांनी पाहुणीचं पान वाचलं आणि लाल शेऱ्याखाली निळ्या शाईने 'स्तुत्य उपक्रम' असं लिहिलं. वर्ग माझ्याकडेच राहिला, मी निवृत्त होईपर्यंत. दुसऱ्या शाळांतल्या शिक्षिका बघायला येत. पद्धत चांगलीच होती, आजही म्हणेन. वाईट ती नव्हती.

साधारण वर्षाने इंग्लंडहून पत्र आलं. शब्दकोश घेऊन दोन संध्याकाळी बसले तेव्हा सगळ्याचा अर्थ लागला. तिने आपल्या वर्गातली वेगळी टेबलं काढून टाकली होती. सोबतचे शिक्षक चिडले, पालकांनी तक्रारी केल्या. एक तोतरा मुलगा होता, त्याच्यासाठी वर्ग अकरा दिवस थांबला. वरचा अधिकारी बघायला आला तेव्हा तिला कोणीतरी सुचवलं, याला आज जरा ग्रंथालयात बसवा. तिने साफ नाही म्हटलं आणि त्याला पहिल्या रांगेत बसवलं. अधिकाऱ्यासमोर त्याचं उत्तर चुकलं. चुकू दे, तिने लिहिलं होतं, असं मी तुमच्याकडूनच शिकले. खाली एक ओळ होती: जीभ दातांत धरणारी तुमची ती छोटी मुलगी कशी आहे?

मी उत्तर पाठवलं. ती मुलगी चौथी चांगल्या गुणांनी पास होऊन हायस्कूलला गेली, तुम्हाला नमस्कार सांगते, असं लिहिलं. पोस्टमनची मुलगी खरंच गेली होती. दुसरीबद्दल लिहिण्याइतकं इंग्रजी आपल्याला येत नाही, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. तेवढं इंग्रजी मला येत होतं.