रक्त धुणारी

थोरल्या काकांचं आणि माझं कधीच पटलं नाही. ‘काका आले, काका म्हणाले’ असं मी लिहितेय ते लहानपणापासूनच्या सवयीने. मनात मी त्यांना काय म्हणते, ते कागदावर न आलेलंच बरं.

बारावीनंतर मी डायलिसिस टेक्नॉलॉजीला प्रवेश घेतला, त्या वर्षी गणपतीला वसईजवळ गिरीजच्या वाडीत सगळं घर जमलं होतं. वडील कौतुकाने सांगत होते, किडनी बंद पडलेल्या माणसाचं रक्त मशीनमधून साफ करून परत अंगात सोडायचं, असं हे शिक्षण आहे. काकांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “धुनी-भांडी करनारी ऐकली होती. रक्त धुनारी पहिल्यांदाच ऐकतो.” सगळे हसले. वडीलही हसले, ते मला जास्त लागलं.

तेव्हापासून त्या घरात मी ‘रक्त धुणारी’. विरारहून स्थळ आलं तेव्हा मुलाच्या आईने विचारलं, मुलगी काय करते? मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, “हाय हॉस्पिटलात कामाला,” आणि केळीच्या घडांबद्दल बोलू लागले. म्हणजे मी फरशी पुसते असं त्या बाईंना वाटलं तरी चालेल, पण मी काय करते ते सांगायला नको. फरशी पुसण्यात कमीपणा आहे असं नाही. पण मी चार वर्षं घासून अभ्यास केला होता आणि तो माझा होता. या माणसाने एकदा, फक्त एकदा, चार लोकांत सांगावं की ही माझी पुतणी आणि हिचं काम हे. एवढंच मला हवं होतं. ते स्थळ हातचं गेलं त्याचंही एवढं वाटलं नाही.

पुढे मी वसईतच नोकरीला लागले. पेशंट मला सिस्टर म्हणतात, त्यांचे नातेवाईक मॅडम म्हणतात, नवे डॉक्टर ‘अहो, जरा इकडे’ म्हणतात. सुई मी टोचते, मशीन मी लावते, पेशंटचं प्रेशर पडलं की धावते मी. नावं ठेवणारे मात्र घरचे.

मग काकांच्याच किडन्या गेल्या. वर्षानुवर्षं साखर होती, औषधं मनाला येईल तेव्हा. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करायला सांगितलं आणि गिरीजहून जवळचं सेंटर आमचंच निघालं. पहिल्या दिवशी मला बघून त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “दुसरं कोनी नाय का?” होता एक दुसरा, त्याने सुया टोचल्या. त्याचं काही चुकलं नव्हतं, काकांची शीर वाकडी होती. पण हात कोपरापर्यंत काळानिळा पडला. पुढच्या खेपेला काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि हात माझ्यापुढे टाकला.

सुई टोचण्याआधी त्या शिरेवर बोटं ठेवून बघावं लागतं. ऑपरेशनने जोडलेली शीर चांगली चालत असेल तर मांजराच्या गळ्यासारखी बोटांखाली घुरघुरते. काकांची घुरघुरायची. मला त्या माणसाचा संताप यायचा आणि बोटं मात्र जपून फिरायची. बोटांना माझ्या रागाशी काही देणंघेणं नव्हतं.

एकच गोष्ट मी त्यांना आणि काकूला बजावून सांगितली होती: शहाळं नाही. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की बघायला येणारा शहाळी घेऊनच येतो, रिकाम्या हाताने आला तर त्याला लाज वाटते. पण त्या पाण्यात पोटॅशियम असतं. किडनी चालत नसेल तर ते अंगात साठतं आणि हृदय थांबवतं. “थेंबभरसुद्धा नाही,” मी म्हटलं. काकू म्हणाली, “नाय देत गो.” काका भिंतीला म्हणाले, “माड मी लावले, आता ही मना शिकवते.”

गावजेवणाचा मोसम होता, येणारे-जाणारे खूप. एका सकाळी चुलतभावाने काकांना उचलून आणलं. पाय हलत नव्हते. मॉनिटरवर ठोके इतके सावकाश पडत होते की पुढचा येतो की नाही असं वाटे. डॉक्टरांनी शिरेतून औषध दिलं, मी सुया लावल्या, मशीन सुरू केलं. डॉक्टरांनी विचारलं, “काय प्यायले होते?” काका पुटपुटले, “घोटभर पानी.” काकू पदराशी चाळा करत उभी. मी म्हटलं, “शहाळं.” काकूने पदर डोळ्यांना लावला. त्या दुपारी ठोके ताळ्यावर आले तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदाने नाही. हा माणूस माझ्या हातात मेला असता तर सगळ्या वाडीने म्हटलं असतं, पुतणीने मारला.

त्यानंतरच्या खेपेला गिरीजचे दोघे शेजारी त्यांना भेटायला आत आले. एक म्हणाला, “वाचलास रे, देवाची कृपा.” मी तिथेच मशीनपाशी होते. काका म्हणाले, “शहाळ्यानं तारलं. थंड असतं ना.”

माझं डोकंच फिरलं. हातातली नळी नीट लावली, चिकटपट्टी मारली आणि मगच बाजूला झाले. शेजाऱ्यांनी येताना पुन्हा काकांच्याच माडाचं एक शहाळं आणलं होतं, तोंड तासून, स्ट्रॉसकट, आणि पिशवी कॉटखाली सारून ठेवली होती. मी ती उचलली.

माझी ड्यूटी संपली. काकांच्या मशीनला अजून थोडा वेळ होता, ते दुसऱ्या मुलाकडे सोपवलं. हात धुतले, ॲप्रन काढला, वॉर्डाच्या दाराबाहेर स्टूल टाकलं आणि दार उघडं ठेवून काकांच्या बरोब्बर समोर बसून शहाळं प्यायला लागले. सावकाश. पाणीसुद्धा मोजून मिळणाऱ्या, घशाला कोरड पडलेल्या माणसासमोर असं करू नये, हे मला कळतं. तरी केलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

काकांनी भिंतीकडची मान वळवली. किती वर्षांनी त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. ओठांवरून जीभ फिरवली.

“गोड हाय?”

“आहे.”

“खालच्या बांधावरचा माड तो. गोडच असतो.”

मी पीत राहिले. शेजारी कॉटच्या पायथ्याशी उभे होते, पलीकडच्या कॉटवरचा म्हातारा कान देऊन ऐकत होता. काकांनी सुई नसलेला हात उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं माझ्याकडे बोट केलं.

“ही माझी पुतनी. माझं पानी हिनंच तोडलं.”

चार लोकांत त्यांनी माझी ओळख करून दिली, ती अशी. मी स्ट्रॉ तळापर्यंत घातली आणि खळखळ आवाज करत उरलेलं सगळं ओढून घेतलं.