पंधरा उसनी मुलं

इझाबेलबाईंची बदली एखाद्या गावात झाली, की त्या गावच्या शाळेचं काही खरं नाही हे सगळ्यांनी ओळखावं. चांगल्या शाळेवर त्यांना कधी कुणी पाठवलंच नाही. जी शाळा टाळण्यासाठी बाकीचे मुख्याध्यापक आजारपणाचे दाखले आणत, तिथे बाई हजर. घरचे म्हणत, खात्याचं एवढं काय घोडं मारलंस तू? बाई हसून एसटीची वेळ विचारत.

अठ्ठ्याहत्तर साली त्या वटारजवळच्या एका वाडीत आल्या, तेव्हा पटावर बेचाळीस मुलं होती आणि वर्गात नऊ. त्यातली चार झोपलेली. वर्षभरात उपस्थिती सुधारली नाही तर शाळा बंद, असं पत्र आधीच येऊन पडलं होतं.

पहिला आठवडा बाईंनी शिकवलंच नाही. सकाळी बागांतून हिंडल्या. मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आत तोडून मुंबईच्या बाजाराला धाडायच्या, त्यामुळे शाळेच्या वेळेला, सात वाजता, सगळी पोरं बागेत. बाईंनी उपदेश केला नाही. पदर खोचून स्वतःच कळ्या तोडायला लागल्या, आणि इतक्या वाईट तोडल्या की बागवाल्या पांडुरंगने हात जोडून त्यांना थांबवलं. मग त्यांनी शाळा साडेनवाला भरवायची ठरवली. वर परवानगी मागितली आणि उत्तराची वाट न बघता घंटा वाजवली. हळूहळू वर्ग भरला. पोर खरंच शाळेत पोचलं ना, या काळजीने आया खिडकीतून डोकावत; बाई त्यांनाही आत घेऊन पाढे म्हणायला लावत.

तपासणीची तारीख आली आणि नेमकं त्याच दिवशी बोळिंजला मोठं लग्न निघालं. निम्मी शाळा जेवायला जाणार, अशी बाईंना धास्ती पडली. त्यांनी घरोघरी जाऊन विनवण्या केल्या. पांडुरंग म्हणाला, तुम्ही निवांत राहा. त्याने बाईंची धास्ती आणखीच वाढली.

त्या दिवशी बेचाळीसच्या बेचाळीस मुलं तेल चोपडून हजर झाली. तपासणीला आलेल्या साहेबांनी मोजली तर सत्तावन्न. पुन्हा मोजली, तरी सत्तावन्न. पांडुरंगने सासुरवाडीहून बैलगाडी भरून पोरं आणली होती, आणि आता तो कौलं न्याहाळत होता.

नवी नावं दाखल करतोय असं सांगता आलं असतं. बाईंच्या ते ओठांवर आलंही.

"पंधरा उसनी आहेत, साहेब," त्या म्हणाल्या. "शाळा जाईल म्हणून गाव घाबरलंय. संध्याकाळी परत करू."

साहेबांनी मिशीत हसू दाबलं आणि बाईंची बेचाळीस वेगळी बसवून तासभर वाचन, गणितं घेतली. मग शेरेबुकात लिहिलं: शाळा चालू ठेवावी. गावकऱ्यांना आवरावे.

पेनाला टोपण लावता लावता त्यांनी पांडुरंगला विचारलं, "पण शाळेच्या दिवशी ही पंधरा मोकळी कशी?"

"त्यांचे गुरुजी महिन्यातून एकदा येतात, साहेब. पगार झाला की," पांडुरंगने अभिमानाने माहिती पुरवली.

साहेबांनी टोपण परत काढलं आणि गावाचं नाव टिपून घेतलं.

जूनमध्ये बाईंच्या बदलीचा हुकूम आला, थेट पांडुरंगच्या सासुरवाडीला. बाई घालवल्या म्हणून त्याची बायको सुभद्रा दोन दिवस त्याला कोरडी भाकरी वाढत होती. बाईंना पोचवायला गाडी त्यानेच जुंपली.

"पोरं तर मी त्याच संध्याकाळी परत केली होती, बाई," तो म्हणाला. "मग तुम्हाला कशाला नेतात?"

वाटेत त्याने बैलांना तीनदा पाणी दाखवलं. बैलांनी एकदाही तोंड लावलं नाही.