डाव्या डब्यातली पेटी

मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या त्या दुकानात तिला सगळे आत्या म्हणत. मालकही आत्याच म्हणायचा, आणि तो तिच्याहून चांगला मोठा होता. गॅरेजांना ब्रेकचे पॅड, क्लचच्या तारा, आरसे पोचवायचे, हे तिचं काम. आधी हे काम तिच्या नवऱ्याचं होतं आणि मोटारसायकलही त्याचीच. एका वळणावर तो पडला तेव्हा पूर्ण शुद्धीत होता, पण माणसं मदतीला धावली. एकाने हेल्मेट ओढून काढलं, दुसऱ्याने काखेत हात घालून बसतं केलं, तिसऱ्याने तोंडाला पाणी लावलं. मदत करणाऱ्यांचे हात शिवशिवायला लागले की पडलेल्याचं काही खरं नसतं. तेव्हापासून तो घरी पलंगावर आहे. मानेखालचं अंग त्याचं ऐकत नाही. उजव्या हाताचा अंगठा तेवढा हलतो, आणि त्या अंगठ्याखाली एक मोठ्या बटणाचा फोन ठेवलेला असतो.

आत्याने त्यानंतर प्रथमोपचाराचा ध्यासच घेतला. रीतसर शिकली, पेटी जमवली आणि ती मोटारसायकलच्या डाव्या डब्यात बसवून घेतली. जाड गॉज, रुंद बँडेज, कात्री, हातमोजे, भाजल्यावर लावायचं मलम. दर रविवारी सामान पोचवणाऱ्या सगळ्यांना दुकानामागे बसवून ती तोच धडा घ्यायची. माणूस श्वास घेतोय तोवर हेल्मेटला हात लावायचा नाही. त्याला हलवायचं नाही, पाणी पाजायचं नाही. रक्त येतंय तिथे दाबून धरायचं. थांबलं का म्हणून सारखं उचलून बघायचं नाही, दूध उतू जातंय का बघतात तसं. माणसं जांभया द्यायची, आणि सगळ्यात मोठी जांभई उंदराची असायची.

उंदीर म्हणजे तिच्यासारखाच सामान पोचवणारा, दोन मुलांचा बाप. त्याला हे नाव आत्यानेच दिलं होतं, कारण पेटीतलं सामान हळूहळू कमी होत होतं आणि दर वेळी डब्याच्या आसपास हाच घुटमळताना दिसायचा. शेवटी तिने डब्याला कुलूप ठोकलं. दुसरी किल्ली दुकानात ठेवावी, असं मालकाने सुचवून पाहिलं. तेव्हा ती म्हणाली, की माझ्याशिवाय त्यातलं कळतंय कोणाला? कोणीही पडो, पेटी आत्याच उघडणार. आत्याच पडली तर काय, हे मात्र त्या कायद्यात कुठे लिहिलेलं नव्हतं.

आणि ती पडली. बंद गोदामांच्या मागून जाणारा एक आडरस्ता होता. वेळ वाचतो म्हणून ती रोज तिथून जायची. वळणावर कोणीतरी खडी सांडून ठेवली होती. चाक घसरलं, आणि काही कळायच्या आत आत्या डाव्या कुशीवर, मोटारसायकल तिच्या डाव्या पायावर आणि डबा मोटारसायकलखाली. मोटारसायकलच्या लोखंडी गार्डचं तुटलेलं टोक पोटरी फाडून गेलं होतं. पँट ओली होत चालल्याचं तिला जाणवत होतं, पण तिथवर हात पोचत नव्हता. तिने कसंबसं इंजिनचं बटण बंद केलं. किल्ल्यांचं जुडगं डोळ्यांसमोर लोंबत होतं, कुलपाच्या किल्लीसकट. ते हाती येऊन तरी काय उपयोग होता?

मान दुखत होती. म्हणजे हलायचं नाही, हे तिला पाठ होतं. हाक मारून घसा बसला, पण गोदामांच्या भिंतींशिवाय ऐकायला कोणी नव्हतं. हेल्मेटच्या काचेतून रस्त्याचा एक तुकडा दिसत होता, त्यावर कोणीतरी फेकलेला एक चपटा पत्र्याचा डबा होता आणि तिकडेच तोंड करून पडून राहायचं होतं. दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

फोन उडून लांब पडला होता. तो वाजायला लागला. ही घरची वेळ होती. या वेळी ती घरी जाऊन नवऱ्याला दुसऱ्या कुशीवर वळवायची. फोन वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. इकडे आत्याला नवऱ्याचं एक बोलणं आठवलं. मला इथे कोंडल्यासारखं होतं, असं तो एकदा म्हणाला होता. ती दमून आली होती, म्हणून तिने सुनावलं होतं, की पडून राहायला काय लागतं? आता तिला कळत होतं काय लागतं ते. तिला आपल्या त्या बोलण्याची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. आपण इथेच राहिलो तर तिकडे तोही तसाच एका कुशीवर राहील.

मग फोन वाजायचा थांबला. नवरा आता थकला, असं तिला वाटलं आणि तिचा धीर सुटला.

बऱ्याच वेळाने मोटारसायकलचा आवाज आला. उतरलेला माणूस धावत आला, आणि तो नेमका उंदीर निघाला.

"हेल्मेट..." आत्या म्हणाली.

"लावत नाही हात. दर रविवारी तेच सांगता."

त्याने मोटारसायकल उचलून बाजूला केली. रुग्णवाहिकेला फोन केला. कंबरेच्या पिशवीतून हातमोजे काढून चढवले, जाड गॉज पोटरीवर दाबून धरलं, वरून बँडेज गुंडाळलं आणि एकदाही उचलून बघितलं नाही. आत्या कण्हत होती, पण त्या बँडेजची किनार तिने ओळखली.

"हे कुठलं रे?"

"तुमच्याच पेटीतलं. तुम्ही नेमक्या तिथे नसाल आणि कोणी पडलं तर काय करायचं? मागून बघितलं असतं तर दिलं असतंत?"

दिलं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"तू इथे कसा आलास?"

"तुमच्या यजमानांनी दुकानात फोन केला. ती उचलत नाही म्हणजे पडली आहे, म्हणाले. मला तुमचा रस्ता माहीत होता."

तेवढ्यात लांबचा फोन पुन्हा वाजला. उंदराने तो आणून स्पीकरवर तिच्याजवळ ठेवला. ती पडली आहे, पायाला लागलंय, उंदीर जवळ आहे, हेल्मेट काढलेलं नाही, हे तिने एका दमात सांगितलं.

"तुला वळवायचं राहिलंय," आत्या म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "कोणाला तरी पाठवते. मी येतेच."

"मी कुठे जातोय?" तो म्हणाला. "तू हलू नकोस."