उचलण्याआधी

त्या वर्षी मी देवीवर रुसले होते. सांजेचा दिवा लावणं सोडलं नव्हतं, पण दिवा लावून तिच्याकडे न बघता मागं फिरायची. निजामाचं राज्य होतं आणि मी एका लहान दवाखान्यात जनाना वॉर्डाची आया होते. जनान्यात पुरुषाला पाय ठेवायची बंदी, त्यामुळे मरीज बायकांना उचलणं, कूस बदलणं, गाडीतून खाटेवर घेणं, सगळं आम्हा दोघींवर, म्हणजे मी आणि रसूलबी. नवरा गेल्यावर सासरी माझी अडचण व्हायला लागली म्हणून मी तामलवाडीकडून या कामावर आले होते. अंगानं मी दणकट, भरलेल्या दोन घागरी घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढणारी. त्या ताकदीचा मला माज होता, हे आज सरळ कबूल करते. रसूलबी हात लावायला येईपर्यंत मी मरीज उचलून खाटेवर ठेवलेली असायची, आणि वर तिलाच म्हातारी झालीस म्हणून चिडवायची.

उन्हाळ्यात सास्तूरकडची शेवंता आली. पंचविशीची पोरगी, माळवदावर कुरडया वाळत घालताना तोल जाऊन खाली पडलेली. दिवसभर बैलगाडीत हिसके खात आली होती. रसूलबी म्हणाली, थांब, चादर आणते. मी थांबले नाही. शेवंताच्या काखेत आणि गुडघ्यांखाली हात घातले आणि तिला लेकरासारखी उचलून वॉर्डात चालायला लागले. दारात ती एकदाच ओरडली आणि मग गप्प झाली. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की कमरेखाली जाणीव उरलेली नाही. पाठीचा मणका पडतानाच गेला, गाडीत गेला की उचलताना, हे सांगता येणार नाही असंही त्या म्हणाल्या. त्यांनी मला दोष दिला नाही. शेवंतानंही दिला नाही. तिनं माझ्याशी बोलणंच बंद केलं.

तिच्या घरची माणसं दोनदा येऊन गेली, पुढं फिरकली नाहीत. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी तिला भरवायची, पुसायची, तिचे केस विंचरायची, पण कुणाला उचलायची वेळ आली की माझे हात गार पडायचे. मग मी उगाच फरशी घासत बसायची. सगळा भार रसूलबीवर आला आणि तिची कंबर धरली. शेवंताची कूस वेळेवर बदलेना, तिच्या पाठीवर लाल चट्टे दिसायला लागले. एकदा तिथं जखम झाली की पोरगी हातची जाणार, हे मला कळत होतं, तरी हात पुढं होत नव्हते. संध्याकाळी दवाखान्यामागच्या खोलीत एकटीच भाकरी खायची. बोलायला माणसं होती, पण मला जे बोलायचं होतं ते एकाच माणसाशी, आणि ते माणूस भिंतीकडे बघत होतं. इतकं एकटं मला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

शेवटी भाद्रपद संपता संपता एका दिवसाची सुट्टी काढून मी तुळजापूरला निघाले. देवीला तोंडावर सांगायचं होतं की मी हे काम सोडते, आणि तुझंही नाव सोडते. डोकं ठिकाणावर असतं तर हे दिवस देवीच्या निद्रेचे, हे मला आठवलं असतं. जाऊन बघते तर सिंहासन रिकामं, आणि आई पलंगावर निजलेली. मी भांडायला गेले आणि ती झोपलेली! मला हसूही आलं आणि रडूही आलं. आमच्या वॉर्डातल्या बायकांसारखीच तीही आडवी होती. निजलेल्या बाईशी भांडणार तरी कसं?

खाली ओवरीत एक म्हातारे पुजारी टेकून बसले होते. मी जवळ जाऊन बसले आणि विचारलं, ही एवढी पाषाणाची मूर्ती सिंहासनावरून पलंगावर नेता कशी? ते म्हणाले की उचलायचं काम सगळ्यात शेवटी, त्याआधीची तयारीच मोठी. लुगडी गुंडाळायची, कुठं धक्का लागू नये म्हणून. दसऱ्याला पालखीत बसवताना तर थरावर थर. जेवढे हात लागतील तेवढे घ्यायचे, पण हुकूम एकाचाच. मान, कंबर, पाय सगळं एका वेळेला उठलं पाहिजे. मी त्यांना विचारलं, एखादा गडी चांगला ताकदीचा असला तर एकट्यानं नाही का उचलणार? त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं.

"उचलंल की," ते म्हणाले. "पर आई काय वझं हाय व्हय, माय? आधी तिला सांगावं लागतं, आई, उचलतो. तिनं व्हय म्हणल्यावर मग हात लावायचा."

ती व्हय म्हणाली हे कसं कळतं, असं मी विचारलं. थांबलं की कळतं, एवढंच ते म्हणाले. मांडायला नेलेलं भांडण मी तसंच ठेवून परत आले. नोकरी सोडली नाही, पण हातांतली भीतीही गेली नव्हती. पुजाऱ्यांचं बोलणं मी कुणापाशी काढलं नाही, रसूलबीपाशीसुद्धा नाही.

चारच दिवसांनी ढोकीकडची एक लेकुरवाळी बाई आली, विहिरीच्या पायऱ्यांवरून पडलेली. झोळ पडलेल्या बाजेवर तिला आणली होती. पायांची बोटं हलत होती, म्हणून डॉक्टरीणबाईंना आशा होती. तिला फळ्या टाकलेल्या खाटेवर घ्या, पण हिसका बसला तर आहे तेही जाईल, एवढं बजावून त्या पट्ट्यांची तयारी करायला गेल्या. रिकामी खाट एकच होती, शेवंताच्या शेजारची. रसूलबीला वाकता येत नव्हतं, तरी ती पुढं झाली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी घासायचा कुंचा खाली ठेवला.

बाईच्या सासूला आणि नणंदेला मी हाताशी घेतलं. त्यांच्याच गाठोड्यातली दोन लुगडी चौपदरी केली, बाईला सगळ्यांनी मिळून एका कुशीवर वळवून ती खाली सरकवली आणि कडा घट्ट गुंडाळून मुठीत धरल्या. डोक्याशी मी, पायांशी नणंद, दोन्ही अंगांना रसूलबी आणि सासू. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आणि माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. ते दार, ती किंकाळी, सगळं डोळ्यांपुढं आलं. एकदाचं ओढून मोकळं व्हावं असं वाटलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांबा, मावशी. आधी तिला सांगा उचलताव म्हणून. मला कुणी सांगितलं न्हवतं."

शेवंतानं मान वळवली होती. इतक्या महिन्यांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली होती, आणि बोलली ती ओवरीतलीच गोष्ट. मी वाकून त्या बाईला म्हणाले, बाई, आता तुला उचलतो आम्ही. तिनं डोळे मिटून हुंकार दिला. मग शेवंतानंच खाटेवरून हुकूम दिला, "आता... उचला." ती बाई लुगड्यांसकट, एका पातळीत, फळ्यांवर आली. मी आधी तिच्या पायांच्या बोटांकडे बघितलं. ती हलत होती. रसूलबी तिथंच जमिनीवर बसली आणि अल्लाचं नाव घेऊन रडायला लागली.

मी शेवंताच्या खाटेशी गेले. किती दिवस मनात घोळवलेलं सगळं बोलायचं होतं, पण बाहेर आलं एवढंच की माझं चुकलं गं. तिनं दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "वसरीत ऊन पडलं असंल न्हाय? मला न्या." मी लुगडं गुंडाळलं, तिघींना बोलावलं, आणि तिला सांगितलं, शेवंता, उचलते. ती म्हणाली, "व्हय."

देवीनं शेवंताचे पाय परत दिले नाहीत. ते मागायचं धाडस मला कधी झालंही नाही. पण पाठीची जखम टळली, आणि माझी भाकरी त्या दिवसापासून तिच्या खाटेशी व्हायला लागली. त्या पलंगावर निजलेल्या आईचे उपकार मी कोणत्या तोंडानं सांगू? उचलणारी मी नाही, हे तिनं मला दोन माणसांच्या तोंडून सांगितलं, कारण एकदा सांगून मला कळलं नसतं. पुढं कितीतरी वर्षं मी बायका उचलल्या, एकटीनं कधीच नाही, आणि न विचारता कधीच नाही. शुद्ध हरपलेल्या बाईलाही मी वाकून सांगायची, आई, उचलते. आणि हात लावायच्या आधी थांबायची.